गोष्टीतल्या क्लाराची खुर्ची

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



हळदीकुंकू आणि फराळ यांच्या मध्ये कुणाला तरी भाषणाला उभे करायचे, हा आपल्या मंडळाचा जुना रिवाज. यंदा ती पाळी माझ्यावर आली आहे. विषय मात्र चिटणीसबाईंनीच काढून दिला आणि तोही कामाचा दिला. आपल्या बालवाचनालयासाठी नवी पुस्तके घ्यायची आहेत. रक्कम बेताची आहे. तेव्हा ज्या मुलांना चालता येत नाही, दिसत नाही, ऐकू येत नाही, अशी मुले ज्या गोष्टींत आहेत त्यांपैकी घेण्यासारख्या कोणत्या, तेवढे सांगा, असे त्या म्हणाल्या.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात अशी २ कोटी ६८ लाख माणसे नोंदली गेली. म्हणजे शंभरामागे दोघांहून थोडी अधिक. हा आकडा मनात धरून मी एक दुपार आपल्या वाचनालयाच्या कपाटापुढे बसून काढली. राजे निघाले, राजकन्या निघाल्या, उंदीर आणि ससे तर विचारूच नका. आंधळे, लंगडे, कुबडे कोण निघाले? एक चेटकीण, दोन राक्षस आणि देवळाबाहेरचा एक भिकारी. शाळेत जाणारे, डबा खाणारे, धाकट्या भावाशी भांडणारे असे एकही मूल निघाले नाही.

आता कुणी म्हणेल, आपल्या भाषेतच हे भरलेले आहे. आहे खरे. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण आपण दिवसातून एकदा तरी वापरतो. अंगणात मुले आंधळी कोशिंबीर खेळतात, लंगडी घालतात. पण त्या खेळांवर माझा राग नाही. डोळ्याला रुमाल बांधून हाताने माणूस ओळखायचा, यात कुणाची चेष्टा नाही. झाला तर थोडा अनुभवच मिळतो. ज्यांना म्हणी बदलायच्या असतील त्यांनी खुशाल बदलाव्यात. शब्दांचेही तसेच. आमच्या लहानपणी पांगळा म्हणत, मग अपंग आला, मग विकलांग, आता दिव्यांग म्हणतात. चांगला शब्द वापरावा, त्यात दुमत नाही. पण नुसता शब्द चांगला झाला म्हणून ते मूल गोष्टीत येऊन बसत नाही.

आपल्या जुन्या कथांत ते अगदीच नव्हते, असेही नाही. सांख्यशास्त्रात आंधळ्या-पांगळ्याचा न्याय आहे. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो, एकाचे पाय आणि दुसऱ्याचे डोळे, आणि दोघे रानातून बाहेर पडतात. मला ही गोष्ट फार आवडते, कारण तीत कुणी कुणावर उपकार करीत नाही. दुसरी अष्टावक्राची. आईच्या पोटात असतानाच बापाच्या वेदपठणातली चूक काढली, म्हणून बापाने शाप दिला आणि मूल आठ ठिकाणी वाकडे जन्मले. तेच मूल पुढे जनकाच्या दरबारी जाते, द्वारपाल लहान म्हणून अडवतो तर त्याच्याशी वाद घालते, बंदी नावाच्या पंडिताला हरवते आणि बापाला सोडवून आणते. यापेक्षा चांगला नायक मुलांना कुठला हवा? पण वनपर्वात ही गोष्ट तिथे थांबत नाही. घरी परतताना बाप त्याला समंगा नदीत स्नान करायला सांगतो, आणि त्याची सगळी अंगे सरळ होतात. कुब्जेचेही तेच, श्रीकृष्णाने तिला सरळ केले. मंथरेला कुणी सरळ केले नाही, कारण ती दुष्ट होती. म्हणजे वाकड्या अंगाचे माणूस चांगले असेल तर शेवटी सरळ व्हायचे, आणि वाईट असेल तर वाकडेच राहायचे. भगिनींनो, हा हिशेब आपलाच आहे असे समजू नका. इंग्रजी आणि जर्मन पुस्तकांतही तंतोतंत हाच आहे.

‘हायडी’ची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक असेल. योहाना स्पिरी या स्विस बाईंनी ती दोन भागांत लिहिली, १८८० आणि १८८१ मध्ये. आल्प्सच्या डोंगरात आजोबांपाशी राहणारी पोरकी हायडी. तिची मावशी तिला फ्रँकफुर्टला एका श्रीमंताच्या घरी नेते, ती त्या घरच्या क्लाराला सोबत म्हणून. क्लाराला चालता येत नाही. ती चाकाच्या खुर्चीत असते. हायडीला घरची ओढ लागते, ती झोपेत चालू लागते, शेवटी तिला डोंगरात परत पाठवतात. पुढे उन्हाळ्यात क्लारा तिच्याकडे राहायला येते. शेळ्या राखणारा पेटर मत्सराने क्लाराची खुर्ची डोंगरावरून खाली ढकलून देतो, तिचे तुकडे होतात, आणि खुर्ची नाही म्हणून क्लारा दोघांच्या आधाराने पाऊल टाकते आणि चालू लागते. शेळीचे दूध आणि डोंगरची हवा होतीच.

मी ही गोष्ट आपल्या शनिवारच्या वाचनात तीन आठवडे मिळून मुलांना सांगितली. ऐकायला चौथीतला एक मुलगा येतो. तो स्वतः चाकाच्या खुर्चीत असतो. त्याची आई त्याला पायऱ्यांवरून उचलून आत आणते आणि मग खुर्ची आणायला परत जाते. खुर्ची दरीत कोसळते तिथे बाकीची मुले श्वास रोखून बसली होती. गोष्ट संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. याने वाजवल्या नाहीत. तो म्हणाला, “आजी, पण खुर्ची भरून कुणी दिली?”

मी म्हटले, “अरे, ती चालायला लागली ना, मग खुर्ची कशाला?”

तो म्हणाला, “पेटरला काहीच केले नाही का? दुसऱ्याची खुर्ची तोडली त्याने.”

त्याची आई मागे उभी होती. ती हसली, पण मला नंतर तिने सांगितले की ही खुर्ची मिळवण्यासाठी एका कचेरीत तिने दीड वर्ष खेटे घातले. कधी दाखला जुना, कधी साहेब रजेवर, कधी मापे चुकलेली. खुर्ची आली तेव्हा पोराने रात्री ती खाटेला लावून ठेवायला सांगितली, हात पोचेल अशी. ज्या मुलाची खुर्ची म्हणजेच पाय, त्याला ती मोडते तेव्हा आनंद व्हावा, अशी आपली गोष्ट अपेक्षा करते. पेटरच्या हातून वाईट घडले पण त्यातून देवाने चांगले केले, अशी समजूत क्लाराची आजी पेटरला घालते. बाईंची श्रद्धा खरी आहे, मी तिला नावे ठेवीत नाही. पण ती गोष्ट लिहिताना समोर कोणती मुले बसली आहेत असे बाईंना वाटत होते? सगळी धडधाकट मुले. खुर्चीतले मूल गोष्टीत होते, पण श्रोत्यांत धरलेले नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, मग हायडी कपाटातून काढायची का? मुळीच नाही. कारण त्याच पुस्तकात आणखी एक म्हातारी आहे, तिच्याकडे फार कुणी लक्ष देत नाही. ती म्हणजे पेटरची आंधळी आजी. हायडी पहिल्यांदा तिच्या घरी जाते तेव्हा तिला दिसते की खिडकीची एक झडप वाऱ्याने सारखी आपटते आहे. हायडी म्हणते, पाहा आजी, ती झडप. आजी म्हणते, मला दिसत नाही बाळ, पण ऐकू येते. नुसती झडपच नाही, सगळे घर कुरकुरते, रात्री भीती वाटते की अंगावर पडेल. आजीला अंधारच आहे आणि कुणीही तिला उजेड दाखवू शकत नाही, हे कळल्यावर ती पोर हमसून रडते. घरी जाऊन आजोबांना सांगते. आणि आजोबा, जे वर्षानुवर्षे कुणाच्या घरी गेलेले नसतात, दुसऱ्या दिवशी हातोडा आणि खिळे घेऊन जातात आणि झडप ठोकून देतात.

आजीला दृष्टी येत नाही. पुस्तक संपेपर्यंत ती आंधळीच राहते. पण घर हलायचे थांबते. फ्रँकफुर्टला असताना हायडी जेवणातले मऊ पांढरे पाव कपाटात लपवून साठवते, कारण आजीला घरची कठीण काळी भाकर चावत नाही. घरची कारभारीण ते फेकून देते तेव्हा हायडी क्लाराच्या चालण्यापेक्षाही जास्त आपल्याला रडवते, निदान मला तरी. आणि परत आल्यावर ती आजीला तिची आवडती भजने वाचून दाखवते, कारण आता तिला वाचता येते. एकाच लेखिकेने एकाच पुस्तकात एकीला बरे केले आणि दुसरीची खिडकी दुरुस्त केली. मुलांना वाचून दाखवताना आपण क्लारापाशी घाई करावी आणि झडपेपाशी थांबावे, असे मी माझ्यापुरते ठरवले आहे.

बाकीच्या प्रसिद्ध पुस्तकांविषयी थोडक्यात सांगते. ‘द सीक्रेट गार्डन’ १९११ चे. त्यातली मेरी आपल्या हिंदुस्थानात जन्मलेली, आईबाप पटकीने गेलेले. तिचा आतेभाऊ कॉलिन अंथरुणाला खिळलेला, आणि तोही शेवटी बागेत चालतो. मात्र कॉलिनला खरा रोग काही नसतोच. त्याला भीती घातलेली असते की तुलाही बापासारखे कुबड येणार. त्यामुळे त्याचे चालणे मला क्लारापेक्षा पटते. पण बापाच्या वाकड्या खांद्याविषयी घरादारात जी कुजबुज चालते तिच्याविषयी पुस्तक फार बोलत नाही. डिकन्सचा कुबडीवाला टायनी टिम १८४३ चा. तो गोड आहे, पण त्याचे काम एकच, म्हाताऱ्या कंजुषाचे मन पाझरवणे. मरतो की जगतो एवढाच प्रश्न, आणि जगतो असे लेखक शेवटी मुद्दाम सांगून टाकतो. तो काय खेळतो, कुणाशी कट्टी करतो, हे कुणाला ठाऊक?

‘ट्रेझर आयलंड’चा एका पायाचा लाँग जॉन सिल्व्हर मात्र मी कपाटात ठेवणार. चाचा आहे, लबाड आहे, खून करणारा आहे. पण बुद्धी, हिंमत आणि बोलणे यांत सगळ्या जहाजावर त्याच्या तोडीचा कुणी नाही. स्टीव्हन्सनने ते बळ आपल्या एका मित्रावरून, हेन्ली या कवीवरून घेतले होते; त्याचा एक पाय कापलेला होता. मुलांना सिल्व्हरची दया कधीच येत नाही. दयेपेक्षा भीती बरी, असे मला कधी कधी वाटते.

हेलन केलर आपल्या मुलांना पाठ्यपुस्तकातून भेटते. पाण्याचा पंप, तळहातावर लिहिलेला शब्द, १८८७ साल. प्रसंग मोठाच आहे. पण बहुतेक गोष्टी तिथेच संपतात, तेव्हा ती सात वर्षांचीही नव्हती! पुढे ती १९०४ मध्ये रॅडक्लिफची पदवीधर झाली, पुस्तके लिहिली, स्त्रियांच्या मताधिकारासाठी बोलली, १९५५ मध्ये आपल्या देशात येऊन गेली आणि १९६८ मध्ये, ८७ वर्षांची होऊन वारली. सहा वर्षांच्या मुलीला पंपापाशी उभी करून ऐंशी वर्षे विसरून जायची, हा कुठला न्याय? आणि तिच्या शिक्षिका ॲन सलिव्हन यांची स्वतःची दृष्टीही फार अधू होती, हे किती गोष्टींत येते?

आता नव्या पुस्तकांकडे येते, कारण रक्कम त्यांच्यावर खर्च व्हायची आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्याकडे चांगली पुस्तके निघाली आहेत, हे मी आनंदाने सांगते. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाने १९९९ मध्ये शीला धीर यांचे एक पुस्तक काढले. त्यात खुर्चीतले मूल भोवतालच्या लोकांना साधेच विचारते, की माझा हात धरायला तुम्ही का भिता. चेन्नईचेच ‘कन्ना पन्ना’ हे झाई व्हिटेकर यांचे. आंधळा कन्ना घरच्यांबरोबर गुहा पाहायला जातो, तिथे दिवे जातात, आणि ज्याला अंधाराची सवय आहे तो सगळ्यांना बाहेर आणतो. मुलांना ही गोष्ट फार आवडते. मला एकच शंका आहे. दिवे गेले म्हणून कन्नाचा मान वाढला; पण दिवे तर रोज जात नाहीत. (आपल्या गावात जातात, ते सोडा.) उजेडात त्याचे काय? एखाद्या मुलाने सगळ्यांचे प्राण वाचवले तरच त्याला पंगतीत घ्यायचे, अशी अट लंगड्या-आंधळ्या मुलांनाच का? डोळस मुलांना आपण ती घालीत नाही.

म्हणून तारिणी विश्वनाथ यांचे ‘कॅच दॅट कॅट’ मला अधिक आवडले. त्यातली डिप डिप ही अत्यंत खोडकर मुलगी. मैत्रिणीचे मांजर हरवते, हिला ते झाडावर दिसते, आणि ही झाडावर चढते. ती चाकाच्या खुर्चीत असते हे फक्त चित्रांत दिसते; मजकुरात त्याचा उच्चारही नाही. आपल्या त्या चौथीतल्या मुलाने हे पुस्तक पाहिले तेव्हा पहिला प्रश्न विचारला तो असा, की ती खाली कशी उतरली. मग त्यावर सगळ्या मुलांचा बराच वाद झाला. खुर्चीविषयी कुणी काही बोलले नाही.

आणि ज्या पुस्तकाच्या मी दोन प्रती घ्या म्हणते ते म्हणजे सुजाता पद्मनाभन यांचे ‘चुस्किट गोज टू स्कूल’. चुस्किट ही लडाखमधली मुलगी. तिचे पाय तिला साथ देत नाहीत. घरात तिच्यावर सगळ्यांचे प्रेम आहे, खुर्चीही आहे. मग शाळेत का जात नाही? कारण वाट दगडधोंड्यांची आहे आणि मध्ये ओढा आहे. एक मुलगा हे ऐकतो आणि शाळेत जाऊन सांगतो. मग मुले आणि गुरुजी मिळून दगड काढतात, वाट सारखी करतात, ओढ्यावरून खुर्ची जाईल अशी सोय करतात. चुस्किट शाळेत जाते. ती चालू लागत नाही, कुणाला दरीतून वाचवत नाही, परीक्षेत पहिलीही येत नाही. शाळेत जाते, बस्स. हायडीच्या आजोबांनी झडपेला खिळे ठोकले ना, तोच हा प्रकार. फक्त इथे सगळा गाव हातोडा घेऊन आला. प्रथम बुक्सची पुस्तके स्वस्त असतात आणि अनेक भाषांत निघतात, तेव्हा आपल्या रकमेत बसतील.

एक गोष्ट राहिली. अशा मुलांविषयीची पुस्तके निराळी आणि अशा मुलांसाठीची निराळी. ज्याला दिसत नाही त्याला कन्नाची गोष्ट कुणीतरी वाचून दाखवल्याशिवाय कळणार कशी? लुई ब्रेल १८०९ मध्ये फ्रान्समधल्या एका खेड्यात जन्मला. बाप घोड्यांची खोगिरे शिवायचा. तीन वर्षांच्या लुईला चामड्याला भोक पाडायची आरी डोळ्यात लागली, आणि पुढे दोन्ही डोळे गेले. त्याच मुलाने पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, टोचून उठवलेल्या सहा टिंबांची लिपी तयार केली. मराठीत ब्रेलमध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे पाक्षिक २००८ मध्ये सुरू झाले. पण ब्रेल पुस्तक जाड असते, जागा फार घेते, आणि आपल्या वाचनालयाला ते मोठ्या संख्येने परवडणार नाही. मोठ्याने वाचून दाखवायला मात्र पैसा लागत नाही. दुपारची दोन तासांची झोप तेवढी मोडते.

हे झाले पुस्तकांचे. आता चिटणीसबाईंनी न विचारलेले एक सांगते. आपल्या वाचनालयाच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, आणि मधली पायरी फुटलेली आहे. मी गवंड्याला आणून दाखवली. तो म्हणाला, बाजूच्या जाईच्या वेलाचा वाफा काढला तर खुर्ची चढेल असा उतार करता येईल. पण पायऱ्यांच्या उंचीला बारा पट लांबी लागेल, नाहीतर खुर्ची ढकलणाऱ्याचे हात भरून येतील आणि उतरताना ती आवरणार नाही. जाई कोषाध्यक्षबाईंनी स्वतः लावलेली आहे, हे मला माहीत आहे. मी त्यांच्याशी कालच बोलले. वेल दुसऱ्या बाजूला न्यायला त्या तयार आहेत, पण पावसाळा लागल्यावर, आधी नाही. तेव्हा उताराचे काम दिवाळीपर्यंत होईल असे धरून चालू. तोपर्यंत शनिवारचे वाचन बाहेर ओट्याखालच्या अंगणात घ्यावे, म्हणजे कुणाला उचलावे लागणार नाही. पुस्तकांची यादी मी अध्यक्षबाईंकडे दिली आहे. ज्या भगिनींना शनिवारी चार ते पाच वाचायला येता येईल त्यांनी फराळाच्या वेळी माझ्याकडे नाव द्यावे. दोघींची नावे आली आहेत, अजून चौघी हव्यात.